मोडशीचं ‘कुत्र्याचं मरण’ कसं झालं?

अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज डॉक्टरांची लिखाणं वाचायला घेतलीत तर एक विचित्र शब्द भेटतो: ‘मोर्-द-शियाँ’. दिसायला अस्सल फ्रेंच. अर्थ, ‘कुत्र्याचं मरण’. माणसाला जुलाब आणि उलट्या होतात, अंगात गोळे येतात, काही तासांत तो संपतो. त्या रोगाचं हे नाव. आपल्याकडेही कुत्र्याच्या मौतीनं मरणं म्हणतातच, त्यामुळे मराठी वाचकालाही हे नाव चटकन पटतं. फसगत इथेच होते.

कारण या शब्दात कुत्रा नाही आणि फ्रेंचही नाही. आहे ती आपली मोडशी.

हो, तीच. घरातल्या आज्जीला विचारा. पावसाळ्यात पोट बिघडलं, अन्न पचेना, की ‘मोडशी झाली’ म्हणत ओवा पुढे करायचे. हाच शब्द कोकणीतही आहे. पोर्तुगीजांनी तो गोव्यात ऐकला. गास्पार कोर्रैया 1543 सालच्या गोव्यातल्या साथीबद्दल लिहिताना तो वापरतो. 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा वैद्य तर सरळ सांगतो की स्थानिकांचा शब्द वेगळा आहे, आम्ही तो बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. किती प्रामाणिक माणूस! त्या मधल्या ‘र्द’चं काय, असं विचाराल. माझा अंदाज असा की पोर्तुगीज कानाला ‘ड’ हा वर्ण परका, म्हणून त्याच्या जागी ‘र’ आणि ‘द’ दोन्ही आले. पुढे लिन्सखोतेनच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर 1598 साली निघालं, आणि शब्द इंग्रजीत शिरला. फ्रेंचांनी त्याला आपल्या भाषेतला अर्थ चिकटवला, इंग्रजांनी तो तसाच उचलला.

हे सगळं धागेदोरे जोडून सांगितलं ते यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशानं. या कोशाचं नावच मुळी अशा ऐकण्यातल्या घोटाळ्याचं: मोहरमातला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या सैनिकांच्या कानी असा पडला. मोडशीची नोंद मला या कोशातल्या उत्तम नोंदींपैकी एक वाटते. ‘मोडणे’ या धातूपर्यंत ती जाते. शरीर मोडून पडतं, म्हणून मोडशी. फ्रेंच अर्थाची भूल तिला पडत नाही.

तरी दोन तक्रारी आहेत. पहिली लहान. नोंद सापडते ती ‘मोर्-द-शियाँ’ याच शीर्षकाखाली. कोश इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा, तेव्हा हे नियमाला धरूनच आहे. पण चुकलेलं रूप दारावर आणि मूळ शब्द आत माजघरात, असं होतं खरं.

दुसरी तक्रार मोठी. कोश मोडशीचा अर्थ ठामपणे ‘कॉलरा’ देतो. आता 1817 साली बंगालमधून कॉलऱ्याची जी साथ दूरवर पसरली, तोच रोग त्याआधी भारतात होता की नाही, यावर इतिहासकार बराच काळ भांडत आलेत. त्या भांडणात हा शब्द साक्षीदार म्हणून उभा केला जातो: बघा, 1543 मध्येही नाव आहे! पण आज्जीची मोडशी कॉलरा नव्हे. एकच शब्द साध्या अपचनापासून जीवघेण्या जुलाबांपर्यंत ताणला जात असेल, तर नुसत्या नावावरून रोग ठरवता येत नाही. लक्षणांचं वर्णन, मृत्यूचा वेग, किती लोक दगावले, हे प्रत्येक उताऱ्यात वेगळं तपासावं लागतं. कोर्रैयाचं वर्णन भयंकर आहे, ते सहज बाजूला सारता येणार नाही. पण पुढे जिथे जिथे हा शब्द येतो तिथे तिथे कॉलराच वाचायचा, हे मला मान्य नाही. मराठी घरात वाढलेल्या वाचकाला ही शंका आधी येते, कारण त्यानं हा शब्द स्वयंपाकघरात ऐकलेला असतो.

तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचे स्कॅन असतील, तर शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. मोर्देशीं, मोर्देशी, मोरशी, मोर्-द-शियाँ, सगळी रूपं टाकून बघा. प्रत्येक ठिकाणी पेशंटला नेमकं काय होत होतं, तेवढं उतरवून घ्या.