पांढरा बगळा आणि ‘प्लस एक’चा नियम
पांढरा पक्षी दिसला की एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, असे शिकवले जाते. उडत्या बगळ्याला हा नियम लावू नका. समजा, रायपूरच्या तेलीबांधा तलावावर बगळा उजळ आकाशातून गर्द झाडांसमोर आला. त्याच्यावरचे ऊन तेच. बदलली फक्त पार्श्वभूमी. मीटर मात्र तिलाच भुलतो, झाडी पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि पिसे चुना फासल्यासारखी सपाट होतात. त्यात तुमचा ‘प्लस एक’! गेलेला तपशील संगणकावरही परत येत नाही. म्हणून मॅन्युअल मोड घ्या. पाठीशी स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ ४००, एफ/८ला १/१६०० सेकंद हे नेहमीचे माप. बगळ्यासाठी १/३२०० करा. झाडी काळी पडेल, पडू द्या.