वेल्श चरित्रकोशातील व्यवसायनिर्देश

संक्षिप्त चरित्राची परीक्षा त्याच्या पहिल्या ओळीतच होते. नाव, जन्ममृत्यूचे सन आणि त्यामागोमाग येणारा व्यवसायवाचक शब्द एवढ्यावरून पुढील मजकुराकडून काय अपेक्षावयाचे हे वाचक ठरवून टाकतो. जॉन एडवर्ड लॉइड व आर. टी. जेंकिन्स हे ज्याचे प्रमुख संपादक होते, तो वेल्श चरित्रकोश १९५३ साली वेल्श भाषेत निघाला आणि १९५९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली. (लॉइड १९४७ मध्येच निवर्तले होते.) नामनिर्देशाच्या बाबतीत या कोशाची शिस्त अनुकरणीय आहे, व्यवसायनिर्देशाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

वेल्समध्ये आडनावे थोडी. पूर्वी 'अप', म्हणजे 'चा पुत्र', हा शब्द मध्ये घालून पित्याचे नाव जोडीत. त्यातूनच 'अप ऱ्हीस'चे प्राइस व 'अप हौएल'चे पॉवेल झाले. पुढे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांची इतकी गर्दी झाली की माणूस ओळखावयाचा तो गावावरून, धंद्यावरून किंवा कविनामावरून. कोशाने मूळ नावालगत कविनाम देऊन ही अडचण उत्तम रीतीने सोडविली आहे.

एडवर्ड विल्यम्स ऊर्फ योलो मोर्गानुग (१७४७–१८२६) यास कोश कवी आणि पुराणवस्तुसंशोधक म्हणतो. पोटापाण्यासाठी तो पाथरवट होता. शिवाय आपली काही काव्ये त्याने चौदाव्या शतकातील दाविद अप ग्विलिमच्या नावावर खपविली, ती १७८९ च्या संग्रहात छापली गेली, आणि ती बनावट असल्याचे ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी १९२६ साली सप्रमाण दाखविले. त्याचे कवित्व या लबाडीतच सर्वाधिक खुलले असे माझे मत आहे. 'कवी' आणि 'संशोधक' ही दोन नामे शेजारी ठेवल्याने त्यांतील हा वैरभाव झाकला जातो. याउलट एडवर्ड लुइड (मृत्यू १७०९) याच्यापुढे वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, पुराणवस्तुसंशोधन व भाषाशास्त्र अशी चार विशेषणे आली आहेत, आणि ती चारही हवीत. १७०७ च्या ग्रंथात केल्टिक भाषांची पद्धतशीर तुलना करणारा हा मनुष्य एका शब्दात मावत नाही.

खरी अडचण ॲन ग्रिफिथ्सच्या (१७७६–१८०५) बाबतीत उभी राहते. 'एमिन' म्हणजे स्तोत्र. त्यापासून साधलेल्या वेल्श स्त्रीलिंगी कर्तृवाचक नामात लेखनाचा अर्थ नाही. इंग्रजी आवृत्तीतील शब्दाचा अर्थ मात्र 'स्तोत्रलेखिका' असा होतो, आणि लिहिणे हेच तर तिने जवळजवळ केले नाही. तिच्या हातचे म्हणून एक पत्र व त्यातील एक कडवे एवढेच शिल्लक आहे. बाकीची स्तोत्रे घरातील मोलकरीण रूथ एव्हन्स हिच्या स्मरणात राहिली व रूथचे पती जॉन ह्यूझ यांनी ती लिहून घेतली. म्हणजे रचना एकीची, धारणा दुसरीची, लेखणी तिसऱ्याची. भाषांतरात एका शब्दाने ही तिन्ही कामे एकीच्या नावावर जमा केली.

हा कोश आता वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे संगणकावर दोन्ही भाषांत उपलब्ध आहे आणि त्यात कार्यक्षेत्रानुसार चरित्रे शोधता येतात. पूर्वी पाने चाळताना अवांतर नावे तरी नजरेस पडत. आता वाचक कार्यक्षेत्राच्या दारानेच आत येतो. स्मरणशक्ती हे कार्यक्षेत्र मानावयाचे नसेल, तर रूथला कोणत्या दारात उभी करावयाची हे संपादकांनी सांगावयास हवे.