सुलभ झालेला पराक्रम

खेळ सोपा झाला म्हणून कोणी रागवावे, ही गोष्ट आपल्या पिढीला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. कबड्डी, खो-खो, क्रिकेट या खेळांचे नियम आपल्या हयातीत बदललेच नाहीत असे नाही. परंतु डाव मांडून बसावे आणि प्रतिस्पर्ध्याचा वजीर कोणीतरी परस्पर उचलून नेलेला दिसावा, असा अनुभव आपल्यापैकी कोणास आला नसेल. संगणकाच्या जाळ्यावर हजारो माणसे ज्या खेळांत एकाच वेळी वावरतात, तेथे मात्र हे वारंवार घडते. असा खेळ विकत घेतला तरी तो खेळणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. कर्त्यांच्या मनात येईल तेव्हा ते राक्षसाचे बळ कमी करतात, गडाचे दरवाजे उघडे टाकतात आणि काल जे महिनोन्महिन्यांच्या तपश्चर्येने साधत होते ते आज तासाभरात साधते. अशा वेळी जुने खेळाडू कडवटपणे तक्रार करतात, आणि नवे खेळाडू त्यांना हसतात.

या वादाची दखल साहित्यविषयक पत्रिकेने का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, या खेळांना कथा आहे, भूगोल आहे, पात्रे आहेत. कादंबरी व नाटक यांना आपण जे प्रश्न विचारतो ते यांनाही विचारता येतात. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या संध्याकाळी तेथे जातात. ज्या जगात ती रमतात त्याविषयी ‘वेळेचा अपव्यय’ एवढाच शेरा मारून नस्ती बंद करणे, हे विचारी माणसाला शोभत नाही.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. अमेरिकेतील ब्लिझार्ड या कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आरंभीच्या काळात त्यातील ‘मोल्टन कोर’ नावाच्या अग्निगुहेची मोहीम चाळीस जणांची असे. चाळीस माणसे, बहुधा वेगवेगळ्या गावांतली, एकाच रात्री ठरल्या वेळी जमायची. अग्नीपासून रक्षण करणारी चिलखते आधीच जमवून ठेवलेली हवीत. जमिनीवरील जळत्या मुद्रा विझविण्यासाठी विशिष्ट पाणी लागे, आणि ते मिळविण्यासाठी जलदेवतांच्या एका गटाची मर्जी दीर्घकाळ संपादन करावी लागे. मुद्रा विझल्यावरच शेवटचा अग्निराज रॅग्नारोस प्रकट होई. एवढे करून तो पडला, तरी लूट दोन-चार वस्तूंचीच, आणि वाटेकरी चाळीस!

ही वाटणी कशी करावी, यासाठी खेळाडूंनी स्वतःच हिशेबाच्या वह्या ठेवल्या. कोण किती मोहिमांना हजर होता त्याप्रमाणे गुण द्यायचे आणि वस्तू घेतली की ते वजा करायचे. ही पद्धत १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या आधीच्या खेळात जन्मली होती. खेळाच्या कर्त्यांनी ती दिलेली नव्हती. खेळाडूंनी गरजेपोटी घडविली होती. मी शासकीय सेवेत आयुष्य काढले. हजेरीपट, ज्येष्ठतासूची आणि त्यांवरून होणारी भांडणे मला नवी नाहीत. तरीही, कोणी आदेश काढलेला नसताना अनोळखी माणसांनी केवळ न्यायाच्या भावनेने असे दफ्तर उभे करावे, याचे मला मोठे कौतुक वाटते.

पुढील इतिहास हा अटी शिथिल होत जाण्याचा इतिहास आहे. जानेवारी २००७ च्या आवृत्तीत मोठ्या मोहिमेची संख्या चाळिसावरून पंचवीसवर आली. प्रगत मोहिमांत प्रवेश मिळण्यासाठी आधी पार पाडाव्या लागणाऱ्या कामांची लांब साखळी होती. ती २००७-०८ मध्ये टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. ‘नॅक्सरामास’ हा तरंगता मृत्युदुर्ग २००६ मध्ये प्रथम उघडला तेव्हा तो पाहणारे अगदी मोजके होते. नोव्हेंबर २००८ मध्ये तोच दुर्ग दहा आणि पंचवीस जणांसाठी पुष्कळ सौम्य करून पुन्हा सादर झाला. २०१० मध्ये ‘आइसक्राउन’ गडावर चढाई करणाऱ्यांचे बळ ५ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत आपोआप वाढविण्यात आले. ही मदत नाकारण्याची सोय होती हे खरे. परंतु शेजारचा संघ घेत असताना आपण नाकारणे हे किती जणांना जमते, हे सांगायला नको.

या शिथिलीकरणामागे केवळ धनलोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दुर्गाची रचना करण्यात चित्रकारांनी आणि संगीतकारांनी महिने घालविले, तो बहुसंख्य वर्गणीदारांनी पाहूच नये, ही स्थिती कोणत्या कलावंतास रुचेल? दिवसभर नोकरी करून, मुलांना झोपवून रात्री दोन तास खेळणाऱ्या माणसाचाही या जगावर हक्क आहे. तो पैसे तितकेच भरतो. शिवाय कित्येकदा सोपे करणे म्हणजे निव्वळ चूक सुधारणे असते. २००६ च्या आरंभी उघडलेल्या ‘अहन्‌किराज’ मंदिरातील क्थून हा दैत्य मूळ स्वरूपात जिंकताच येणार नाही, असे निष्णात खेळाडूंचे गणित सांगत होते. एप्रिल २००६ मध्ये कर्त्यांनी दुरुस्ती केली आणि लवकरच तो पडला. या दुरुस्तीस ‘भेसळ’ म्हणणे म्हणजे छपाईतील चुका दुरुस्त केल्याबद्दल संपादकास दोष देण्यासारखे आहे.

कर्त्यांनी उलट दिशेचा प्रयोगही करून पाहिला. डिसेंबर २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ आवृत्तीत पाच जणांच्या मोहिमा जाणूनबुजून अवघड केल्या. तक्रारींचा पाऊस पडला. खेळाच्या प्रमुख रचनाकारांपैकी ग्रेग स्ट्रीट यांनी जानेवारी २०११ मध्ये या अवघडपणाचे सविस्तर समर्थन केले. परंतु ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर गेलेली वर्गणीदारांची संख्या २०११ च्या अखेरीस सुमारे १ कोटी २ लाखांवर आली. या उतरणीस अवघडपणा हे एकच कारण होते असे सिद्ध करता येत नाही. तथापि कंपनीने घ्यायचा तो बोध घेतला आणि मोहिमा पुन्हा सौम्य झाल्या.

तेव्हा, तक्रार करणाऱ्यांची बाजू कोठे खरी आहे? त्यांच्या तक्रारीचा एक प्रकार मला मान्य नाही. ‘आम्ही हाल काढले, तुम्हीही काढा’ हा युक्तिवाद सासूने सुनेला ऐकविण्याचा आहे. त्यात पराक्रमाचा अभिमान थोडा आणि मत्सर फार. दुसऱ्यास ती वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून माझ्या जवळच्या वस्तूचे मोल घटते असे ज्याला वाटते, त्याचे प्रेम खेळावर नसून मिरवण्यावर आहे.

परंतु तक्रारीचा दुसरा प्रकार आहे, आणि तो गंभीरपणे ऐकावा असा आहे. डिसेंबर २००९ मध्ये या खेळात एक सोय आली. पाच जणांच्या मोहिमेसाठी साथीदार शोधावे लागत, ओळखी काढाव्या लागत, मग सर्वांनी मजल दरमजल करीत गुहेच्या तोंडाशी जावे लागे. आता एक कळ दाबली की यंत्रच इतर सर्व्हरांवरील माणसे हुडकून देई आणि थेट गुहेत नेऊन सोडी. मोहीम संपली की पाचही जण पांगत. पुन्हा भेटण्याचा संभव जवळजवळ नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये हीच सोय पंचवीस जणांच्या मोठ्या मोहिमांना सौम्य स्वरूपात लागू झाली. या दोन्ही सुधारणांनी कष्ट वाचले यात शंका नाही. पण त्याबरोबर दुसरेही काही गेले. पूर्वी जो उद्धटपणे वागे किंवा लूट घेऊन पळे, त्याचे नाव त्या सर्व्हरवर कर्णोपकर्णी होई आणि त्याला कोणी सोबत घेत नसे. जो मदत करी त्याचीही कीर्ती होई. आता कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही निरुपयोगी ठरल्या. गाव होते, त्याचा रेल्वेचा फलाट झाला.

येथे माझ्या सेवाकाळातील एक निरीक्षण नोंदवितो. शासकीय योजनांच्या अटी दोन जातींच्या असतात. काही अटी अर्जदारास केवळ हेलपाटे घालावयास लावतात. त्या जितक्या लवकर रद्द होतील तितके चांगले. काही अटींमुळे मात्र गावाला एकत्र बसावे लागते, भांडावे लागते आणि शेवटी एकमताने काही लिहून द्यावे लागते. कार्यालयातून पाहता दोन्ही सारख्याच कटकटीच्या दिसतात. म्हणूनच ‘सुलभीकरण’ करताना दुसऱ्या जातीची अटही पहिलीबरोबर वाहून जाते, आणि काही वर्षांनी योजना चालू असते पण गाव तिच्यात नसते. या खेळाच्या कर्त्यांच्या हातून नेमके हेच घडले, असे मला वाटते.

या मताला पुरावा पुढील घटनांत मिळतो. जुना खेळ जसाच्या तसा परत द्यावा, अशी मागणी अनेक वर्षे होत होती. २०१३ च्या वार्षिक मेळाव्यात कंपनीच्या एका अधिकाऱ्याने, तुम्हांला तो हवासा वाटतो पण खरोखर नको आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन खेळाडूंना दुखावले. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने पुन्हा सुरू झाली. आणि काय झाले? ज्या रॅग्नारोसचा एवढा दरारा होता, तो पहिल्या आठवड्यातच पडला. मारणाऱ्या संघातील कित्येक जण तर पूर्ण पातळीलाही पोहोचलेले नव्हते. पंधरा वर्षांत सगळी गुपिते सर्वतोमुखी झाली होती. म्हणजे ज्या काठिण्यासाठी लोकांनी एवढा आक्रोश केला, ते प्रत्यक्षात फारसे नव्हतेच!

तरीही लोक तेथे राहिले. त्यांना तेथे पायी चालावे लागे, वाटेत माणसे भेटत, मदत मागावी लागे, नावे लक्षात राहत. २०२३ मध्ये तर एकदा मेलेले पात्र कायमचे मेले, असा कडक नियम असलेली आवृत्ती कंपनीने स्वतःहून काढली आणि तीही लोकांनी आनंदाने स्वीकारली. इकडे मुख्य खेळात २०२४ पासून पाच जणांच्या काही मोहिमा संगणकाने पुरविलेल्या चार साथीदारांसह एकट्याने करता येतात. हजारो माणसांसाठी म्हणून रचलेल्या जगात अखेर दुसऱ्या माणसाची गरज संपावी, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता? कठीणपणाच्या नावाने चाललेला वाद वास्तविक परस्परावलंबनाचा होता. तक्रारदारांना आपले दुःख नीट सांगता आले नाही, आणि कर्त्यांनी जेवढे शब्दांत सांगितले गेले तेवढेच ऐकले.

याच्याही आधीचे एक उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात कोणीही कोणालाही लुटू व मारू शके. नवख्यांचा छळ होई. २००० मध्ये कर्त्यांनी त्या जगाची एक हुबेहूब सुरक्षित प्रत काढली, जेथे संमतीवाचून कोणास मारता येत नसे. बहुसंख्य लोक तिकडे राहावयास गेले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही; दरोडेखोरांच्या रस्त्यावर राहा, असा आग्रह कोणी कोणास धरू नये. परंतु जुन्या प्रदेशात लोक एकमेकांच्या सोबतीने प्रवास करीत, पहारे ठेवीत. सुरक्षित प्रदेशात त्याची आवश्यकता उरली नाही. लाभ मोठा होता, पण तो फुकट मिळालेला नव्हता. असा हिशेब मांडून मग निर्णय घेणे निराळे, आणि तो न मांडताच सोय करून मोकळे होणे निराळे.

हा हिशेब आपणांसही मांडावा लागणार आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजात सुलभीकरण जोरात आहे. वक्तृत्व स्पर्धेत कागद पाहून वाचण्यास मुभा देतो. देवनागरी येत नाही म्हणून मुलांना रोमन लिपीत संवाद लिहून देतो. गणेशोत्सवातील नाटकाऐवजी बाहेरचा कार्यक्रम ठरावीक रकमेत आणतो, मांडव आणि प्रसादही कंत्राटावर सोपवितो. यांपैकी पहिल्या दोन सवलतींविरुद्ध मी ब्र काढणार नाही. अडखळत वाचणारे मूल दारातून आत आले, हेच पुष्कळ. उंबरा उंच ठेवून आपण कोणावर उपकार करणार आहोत? तिसऱ्या सवलतीविषयी मात्र मला शंका आहे. तीन महिन्यांच्या तालमी, दिवा कोणी धरायचा यावरून रुसवेफुगवे, ऐन वेळी पात्र आजारी पडल्यावर प्रॉम्प्टरने रंग फासून उभे राहणे, हा सगळा त्रासच होता. परंतु त्या त्रासापायी छावणीतल्या माणसाला राजवाड्याजवळच्या माणसाचे नाव ठाऊक होत असे. आजचा बाहेरून आणलेला कार्यक्रम आमच्या नाटकाहून निःसंशय सरस असतो. प्रेक्षक येतात, टाळ्या वाजवितात आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होते हे न कळता घरी जातात.

म्हणून पुढील वर्षीचे अंदाजपत्रक मांडताना आपल्या कार्यकारिणीने प्रत्येक सवलतीपुढे एकच प्रश्न लिहावा, अशी माझी सूचना आहे: ही अट काढल्याने नवा माणूस आत येणार आहे, की आत असलेल्या माणसांना एकमेकांची गरज उरणार नाही? पहिले उत्तर असेल तर अट विनाविलंब रद्द करावी. दुसरे असेल, तर काम कितीही जिकिरीचे असले तरी ते आपल्याच हातांत ठेवावे.