‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आणि अद्भुत रस : एका व्हिडिओ गेमच्या आकर्षणाची मीमांसा

प्रस्तावना

अद्भुतरम्य वाङ्मयाकडे पाहण्याची मराठी समीक्षेची दृष्टी प्रारंभापासून काहीशी साशंक राहिली आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून सुरू झालेल्या अद्भुतरम्य कादंबरीला पुढील वास्तववादी समीक्षेने दुय्यम स्थान दिले. ज्या समीक्षेला छापील अद्भुत पचविणे अवघड गेले, तिने पडद्यावरील खेळाच्या वाटेला जाऊ नये यात नवल नाही. तथापि ज्या कलाकृतीकडे लक्षावधी लोक आकृष्ट होतात आणि चार दशकांनंतरही जिचा प्रभाव ओसरत नाही, तिच्या आकर्षणाचे स्वरूप तपासणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते. प्रस्तुत लेखात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या १९८६ सालच्या जपानी व्हिडिओ गेमचा विचार भारतीय रसविचाराच्या आधारे करावयाचा आहे.

खेळाचे स्वरूप

निन्तेन्दो या जपानी कंपनीने हा खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार असून संगीत कोजी कोंदो यांचे आहे. १९८७ मध्ये तो अमेरिकेत सोनेरी रंगाच्या कार्ट्रिजच्या रूपात आला. त्या कार्ट्रिजमध्ये एक लहान बॅटरी बसविलेली होती. तिच्यामुळे खेळाडूची प्रगती जतन होई व एकाच बैठकीत खेळ संपविण्याचे बंधन राहत नसे. दीर्घ कादंबरीप्रमाणे दिवसचे दिवस चालणारा अनुभव घरगुती यंत्रावर शक्य झाला तो या सोयीमुळे.

कथानक अगदी साधे आहे. हायरूल राज्यावर गॅनन नावाच्या दुष्ट शक्तीने आक्रमण केले आहे. राजकन्या झेल्डा हिने ‘ट्रायफोर्स’ या दिव्य वस्तूचे आठ तुकडे करून ते ठिकठिकाणी लपविले आणि इम्पा या आपल्या वृद्ध दाईला शूर पुरुषाच्या शोधात पाठविले. लिंक हा तरुण ते तुकडे गोळा करून गॅननचा वध करतो व राजकन्येला सोडवितो. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांची जी कार्ये सांगितली, त्यांतील अपहरण, दात्याची भेट, जादूच्या साधनाची प्राप्ती, युद्ध व विजय ही कार्ये येथे सहज ओळखू येतात. म्हणजेच कथानकाच्या अंगाने या खेळात नवे असे फारसे नाही. मग त्याचे आकर्षण कशात आहे?

अज्ञानाची योजना

खेळ सुरू होतो तेव्हा लिंक एका मोकळ्या जागेत उभा असतो. त्याच्याजवळ शस्त्र नसते. कोठे जावे हे कोणी सांगत नाही. तीन बाजूंना वाटा आहेत आणि डोंगरात एका गुहेचे काळे तोंड दिसते. गुहेत शिरल्यास एक वृद्ध लाकडी तलवार देतो. परंतु गुहेत शिरलेच पाहिजे असे बंधन नाही. तलवार न घेता पुढे जाणाऱ्या खेळाडूलाही खेळ अडवीत नाही. प्रॉप यांच्या परीकथेतील दाता नायकाची परीक्षा पाहून साधन देतो. येथील दाता कोणतीही परीक्षा घेत नाही. परीक्षा असलीच तर ती काळोखात डोकावण्याच्या कुतूहलाची आहे.

भूपृष्ठावरील हायरूल १२८ पडद्यांचे आहे : आडवे १६ आणि उभे ८. त्याखाली नऊ भुयारी चक्रव्यूह आहेत. यांतील बरेच काही दृष्टीआड ठेवलेले आहे. एखादे झुडूप मेणबत्तीने जाळल्यास खाली जिना सापडतो, एखादा कडा स्फोटाने फोडल्यास दार उघडते, एका तळ्याकाठी बासरी वाजविल्यास पाणी ओसरून भुयाराचे तोंड दिसू लागते. हरवलेल्या अरण्यात उत्तर, पश्चिम, दक्षिण, पश्चिम या क्रमाने चालल्याखेरीज पलीकडे निघता येत नाही. तो क्रम एका म्हातारीकडून पैसे मोजून विकत घेता येतो. दार फोडले म्हणून दुरुस्तीचा खर्च वसूल करणारा म्हातारा आणि ‘हे गुपित ठेव’ अशा अर्थाचे बोलून पैसे देणारा राक्षसही याच जगात भेटतात. परिणामी प्रत्येक साधा दिसणारा खडक संशयास्पद होतो. जग जितके दिसते त्याहून अधिक आहे, ही जाणीव खेळाडूच्या मनात रुजविणे हेच या रचनेचे मुख्य कार्य होय.

या कल्पनेचे मूळ मियामोतो यांनी आपल्या बालपणात सांगितले आहे. क्योतो प्रांतातील सोनोबे या गावाभोवतीच्या टेकड्या, रानवाटा व गुहा हिंडताना आलेला अनुभव त्यांना खेळातून द्यावयाचा होता.

विस्मय आणि विश्रांती

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय सांगितला आहे. त्याच्या विभावांत दिव्यदर्शन, इच्छित मनोरथाची प्राप्ती, उपवन-देवालयांतील गमन, माया आणि इंद्रजाल यांचा निर्देश येतो. हे विभाव ‘झेल्डा’त जवळजवळ जसेच्या तसे आढळतात. परंतु येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. रसास्वाद घेणारा सहृदय हा प्रेक्षक असतो, कर्ता नसतो. अभिनवगुप्ताने जी रसविघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हेही एक विघ्न आहे. खेळाडू मात्र सतत स्वतःच्या जयपराजयात गुंतलेला असतो. मग त्याला होतो तो केवळ लौकिक आनंद की रसास्वाद?

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या लयीत शोधावे लागते. ‘झेल्डा’मध्ये कृतीचा ताण आणि थांबा यांचा एक ठरावीक क्रम आहे. गुप्त वाट उघडताच सुरांची एक छोटी ओळ वाजते. महत्त्वाची वस्तू हाती येताच लिंक ती डोक्यावर उंच धरतो आणि त्या क्षणापुरते खेळाडूचे नियंत्रण थांबते. म्हणजे प्राप्तीच्या क्षणी खेळाडूला कर्तेपणातून बाजूला काढून पाहणारा केले जाते. शिवाय मृत्यूची किंमत येथे मर्यादित ठेवली आहे. लिंक मेला तरी मिळविलेल्या वस्तू जात नाहीत. खेळाडू तीन हृदयांनिशी पुन्हा सुरुवात करतो. हानीचे भय सौम्य झाल्यामुळे लौकिक दुःखाचे विघ्न बरेचसे दूर होते आणि विस्मयाला अवकाश मिळतो. कृती ही येथे रसाची विरोधी नसून त्याची पूर्वतयारी ठरते. वाचकाला विस्मय लेखकाकडून मिळतो. येथे तो आपण मिळविला अशी खेळाडूची भावना असते. या माध्यमाचे वेगळेपण एवढ्याच ठिकाणी, पण निश्चितपणे आहे.

मर्यादा

या खेळाच्या स्तुतीपर लेखनात त्याच्या उणिवा बहुधा झाकल्या जातात. पहिली उणीव म्हणजे अनेक गुपितांना कसलीही खूण नाही. कोणते झुडूप जाळावे याचे सूचन नसेल तर शोधाची जागा कंटाळवाण्या चाचपणीने घेतली जाते. तर्काने उकलणारे कोडे व योगायोगाने सापडणारी जागा यांतील भेद रचनाकारांनी पुरेसा सांभाळलेला नाही. ही उणीव काही अंशी खेळाबाहेर भरून निघाली. मित्रांनी एकमेकांना गुपिते सांगणे, चौकटीच्या कागदावर नकाशे काढणे हा या खेळाच्या आस्वादाचाच भाग बनला. आज सर्व उत्तरे आयती उपलब्ध असल्याने तो भाग उणावला आहे. उत्तर हाती घेऊन खेळणाऱ्यास हायरूल सापडते, विस्मय सापडत नाही.

दुसरी उणीव भाषांतराची आहे. जपानी यंत्राच्या दुसऱ्या नियंत्रकात मायक्रोफोन होता व त्यात ओरडून एका विशिष्ट राक्षसाला मारता येई. अमेरिकी यंत्रात मायक्रोफोन नव्हता; तरीही त्या राक्षसाला मोठा आवाज सहन होत नाही, हे वाक्य इंग्रजी माहितीपुस्तिकेत तसेच राहिले. शब्दांचे भाषांतर झाले पण साधनाचे झाले नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. तुकडे लपविण्याची सारी योजना झेल्डाची आहे. खेळाडू जे उलगडतो ते एका अर्थी तिच्याच बुद्धीचे काम असते. असे असता शीर्षकात नाव मिळूनही ती खेळात केवळ अखेरीस, बंदिवान म्हणून दिसते. जिच्यामुळे शोध शक्य झाला तिलाच शोधाचे फळ करून टाकणे हा परीकथेच्या साच्याचा दोष खेळाने तपासून न पाहता स्वीकारला. या मालिकेच्या मुख्य प्रवाहात तिला नायिकेची भूमिका देणारा ‘एकोज ऑफ विजडम’ हा खेळ २०२४ मध्ये आला, यावरून हा साचा किती चिवट होता हे ध्यानात येते.

समारोप

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळाची आखणी करताना निन्तेन्दोच्या रचनाकारांनी १९८६ च्या खेळाच्या धर्तीवर एक साधा द्विमितीय नमुना तयार करून आपल्या कल्पना तपासल्या. एवढ्या वर्षांनंतर मूळ खेळाकडे परतावेसे वाटले ते त्याच्या कथेसाठी किंवा चित्रांसाठी नव्हे, तर खेळाडूच्या अज्ञानावर ठेवलेल्या विश्वासासाठी. ‘झेल्डा’चे आकर्षण अपरिचित जगाच्या वैभवात नाही, परिचित दिसणाऱ्या खडकामागे काही असू शकेल या शक्यतेत आहे. ती शक्यता जेथे न्याय्य खुणांनी सांभाळली जाते तेथे हा खेळ अद्भुत रसाच्या कक्षेत येतो आणि जेथे ती नुसत्या चाचपणीवर सोडली जाते तेथे तो करमणुकीच्या पातळीवर उतरतो. हा भेद करण्याची साधने आपल्या रसविचारात पूर्वीपासून आहेत. त्यांचा उपयोग नव्या माध्यमासाठी केल्यास त्या माध्यमाचे मूल्यमापन नेमके होईल. आणि कर्ता व प्रेक्षक यांच्या नात्याचा जो प्रश्न रसविचाराने प्रेक्षकापुरता सोडविला होता, तो नव्याने विचारणे त्या विचारालाही भाग पडेल.