व्यायाम आणि पडणे : एका निष्कर्षाची मर्यादा

वृद्धांनी नियमित व्यायाम केल्यास त्यांचे पडणे कमी होते, हे मत आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. आणि त्यास आधारही भक्कम आहे. कॉक्रेन संस्थेने २०१९ साली शंभराहून अधिक प्रयोगांची छाननी केली, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. परंतु हे प्रयोग मुख्यतः आपापल्या घरी राहणाऱ्या, साठी उलटलेल्या सामान्य वृद्धांवरील होते. तोच निष्कर्ष बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना बिनदिक्कत लावला जातो, तेथे मात्र थांबून विचार केला पाहिजे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाची सुप्रसिद्ध व्यायामपद्धती घ्या. घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, टाचेस बोटे लावून सरळ रेषेत चालणे, हे काही वेळा घरी येऊन शिकवावे आणि एरवी ज्याचे त्याने आठवड्यातून तीनदा करावे, अशी तिची रचना आहे. ‘ज्याचे त्याने’ या दोन शब्दांतच सारी अडचण आहे. येथे व्यायामाची आठवण, त्याचा क्रम व उत्साह ही सर्व काळजीवाहकाकडून यावी लागतात. म्हणजे परीक्षा केवळ व्यायामाची राहत नाही. शिवाय अपस्माराच्या झटक्याने जो कोसळतो, त्याचा पाय बळकट करून काय साधणार? या लोकांत अपस्मार बराच आढळतो, हे विसरून चालत नाही.

याहून विचारप्रवर्तक बाब नेदरलँड्समधील २०१३ च्या पाहणीत आढळते. पन्नाशी ओलांडलेल्या, सौम्य ते मध्यम अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या पडण्याची नोंद तीत ठेवली होती. ज्यांची अक्षमता सौम्य व हालचाल अधिक, तेच अधिक पडत होते! वरवर पाहता हे व्यायामाविरुद्धचे प्रमाण वाटेल. परंतु तसे ते नाही. जो चालतो तोच पडू शकतो, एवढाच त्याचा सरळ अर्थ. मात्र त्यावरून कोणी या माणसांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवील, तर पडण्याचा आकडा खाली येईल आणि माणूसही खालावेल. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील खरा धोका हाच आहे.

त्याच देशात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडथळ्यांच्या वाटेवरील सरावाने चालणे सुधारले व पडणे घटले, असे म्हटले आहे. सराव सुटसुटीत आहे, खेळासारखा आहे, आणि शब्दांनी समजावण्यापेक्षा करून दाखविता येतो. हे त्याचे मोठे गुण होत. तथापि तुलनेसाठी दुसरा गट नसता केवळ आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहिल्यास, ही घट सरावामुळे झाली की शिक्षकाच्या वाढलेल्या लक्षामुळे, हे ठरविता येत नाही. पडण्याची नोंदही बहुधा काळजीवाहकच करतो. एकांतात पडलेला माणूस ते सांगू शकेलच असे नाही. यापुढील प्रयोगांत किती वेळा पडला याच्या शेजारी, त्या आठवड्यात तो किती तास पायांवर होता, हाही रकाना असावयास हवा.