डेम्लो संख्या आणि भिंतीवरचा तक्ता

गणपतीत तुडीलला घरी गेलो असता सातवीतल्या पुतणीने वही पुढे केली. शाळेतल्या ‘संख्यांचे चमत्कार’ या तक्त्यावरून तिने उतरवून घेतले होते: ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, असे करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. शेवटी छापले होते, ‘असे कितीही पुढे जाता येते!’

पुतणीने दहा एक घेतले. मोबाइलच्या गणकयंत्रावर उत्तर पुरते मावेना. वर्गात विचारले, तर ‘तक्त्यात आहे तेवढे लिही’ असे सांगण्यात आले. मग तिने पाठकोऱ्या कागदावर हाताने गुणाकार केला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. ‘काका, चढताना आठ कुठे गेला?’

तक्ता सरळ चुकीचा आहे. पण चुकीपेक्षा मला खटकला तो ‘चमत्कार’ हा शब्द, कारण इथे कारण अगदी हाताशी आहे. १११ला १११ने गुणताना एकाखाली एक, एकेक घर सरकवून तीन ओळी मांडा. उभ्या स्तंभांत १, २, ३, २, १ एवढे एक येतात. तेच उत्तर. नऊ एकांपर्यंत कुठल्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा होतात. हातचा डावीकडच्या नवात मिळून तिथेही दहा होतात, आणि त्याचा हातचा आठाला नऊ करतो. हा गुण बराचसा आपल्या दशमान लेखनाचा आहे. अष्टमान पद्धतीत हीच रांग सात एकांपर्यंतच टिकते.

संख्येचे स्वतःचे म्हणावे असे गुण तक्त्यात नव्हतेच. १११११११११ = ९ × १२३४५६७९. (आठ इथेही गायब!) म्हणून आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ८१ × १२३४५६७९चा वर्ग. तिच्या अंकांची बेरीजही ८१च. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ म्हटले. १२१ मात्र हर्षद नाही: बेरीज ४, आणि संख्या विषम.

या वर्गांच्या रांगेला ‘डेम्लो’ हे नावही कापरेकरांचेच. ही कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्याचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, ते नाव. कापरेकर अनेकदा आकृतिबंध दाखवून थांबत, सिद्धतेच्या मागे फारसे लागत नसत. गणितज्ञांनी त्यांना बराच काळ गंभीरपणे घेतले नाही, त्याचे हेही एक कारण असावे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिले तेव्हा कुठे ते जगाला ठाऊक झाले. पण कापरेकर एक उदाहरण झाले की पुढचे करून पाहत. तक्ता करणाऱ्याने त्यांच्याकडून संख्या घेतल्या, ही सवय घेतली नाही.

पुतणीला मी स्तंभ मांडून दाखवले. आता ती अकरा एक घेऊन बसली आहे, आणि तिला पाठकोरे कागद कमी पडताहेत.