जॉन ग्राइम्सची रात्र

जेम्स बाल्डविन ह्यांची ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ ही पहिली कादंबरी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. गेलीं पुष्कळ वर्षें मी ती पदवीच्या वर्गाला शिकवीत आलों आहें, आणि तिच्या शेवटाचा अर्थ सांगतांना मी नेहमीं एकच भूमिका घेत असें. ती अशी कीं, चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय नायकाला, जॉन ग्राइम्सला, शेवटीं जो धर्मसाक्षात्कार होतो तो साक्षात्कार नव्हेच. भयानें आणि शिणानें गांजलेल्या पोरानें घातलेलें तें लोटांगण होय. गेल्या वर्षीं मागल्या बांकावरच्या एका विद्यार्थ्यानें (त्याच्या घरीं कीर्तनाची परंपरा आहे) मला विचारलें, “सर, पण तो खोटें वागतो असें कोठें लिहिलें आहे?” मीं कांहींतरी उत्तर दिलें. तें मलाच पटलें नाहीं. त्यालाहि पटलें नसावें. म्हणून हा लेख.

कथानक जेमतेम एका दिवसाचें आहे. मार्च १९३५ मधील एका शनिवारीं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत जॉनचा चौदावा वाढदिवस उजाडतो. घरांत कोणाला त्याची आठवण आहे कीं नाहीं, ह्याची त्याला शंका आहे. बाप गेब्रिएल हा मूळचा धर्मोपदेशक. कठोर, शीघ्रकोपी, देवाचें नांव घेऊन पट्टा उगारणारा. आई एलिझाबेथ मुलाच्या हातावर चार नाणीं ठेवते. तीं खिशांत घालून पोर सेंट्रल पार्कमधल्या टेकडीवर चढतें आणि खालीं पसरलेलें शहर पाहातें. मग तें बेचाळिसाव्या रस्त्यावरील त्या प्रचंड ग्रंथालयापाशीं येतें. दारांत दगडी सिंह बसलेले. जॉनला पुस्तकांचें वेड आहे, हार्लेममधील शाखेंतून तो पुस्तकें आणतोहि; पण ह्या पायऱ्या चढण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. एवढ्या मोठ्या इमारतींत वावरण्याची संवय आपल्याला नाहीं हें आंतल्या लोकांना तत्काळ कळेल आणि ते आपली कींव करतील, ही त्याची भीति. त्याला कोणीहि अडविलेलें नाहीं. पाटी नाहीं, पहारेकरी नाहीं. वर्णभेदावरील शेंकडों पानांच्या निबंधांपेक्षां ह्या अडखळलेल्या पावलांत मला अधिक सत्य दिसतें.

ह्या मुलाची आकांक्षा मोठी आहे, पण ती निर्मळ नाहीं. शाळेंत अगदीं लहान असतांना मुख्याध्यापिकेनें त्याच्या अक्षराची वाखाणणी केली होती, आणि त्या दिवसापासून आपली बुद्धि हें बापाविरुद्ध वापरायचें शस्त्र आहे असें तो मानीत आला. शिकावें, मोठें व्हावें, ह्या इच्छेच्या मुळाशीं बापाविषयींचा द्वेष आहे. आपल्याकडील होतकरू मुलांच्या कथांत ज्ञानाची तळमळ सहसा शुद्ध सोन्यासारखी दाखविलेली असते. बाल्डविन तो खोटेपणा करीत नाहींत.

पुस्तकाचा मधला भाग म्हणजे त्या रात्रीं प्रार्थनेला बसलेल्या तीन वडीलधाऱ्यांच्या, म्हणजे आत्या फ्लॉरेन्स, गेब्रिएल व एलिझाबेथ ह्यांच्या मनांतील भूतकाळ. येथें माझी तक्रार आहे. गेब्रिएलचें प्रकरण लांबलें आहे, आणि औरस व अनौरस अशा त्याच्या दोन पुत्रांना मिळतींजुळतीं नांवें देऊन साधलेली जुळणी जरा हिशेबीच वाटते. परंतु एलिझाबेथचें प्रकरण सोन्याचें. जॉनचा खरा बाप गेब्रिएल नव्हे, हें वाचकाला कळतें. जॉनला कळत नाहीं. तो बाप रिचर्ड, हा स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, प्रियेला वस्तुसंग्रहालयें दाखवीत हिंडणारा तरुण. चोरीच्या खोट्या आरोपांत तो सांपडतो, सुटतो, आणि सुटून आल्यावर त्याच रात्रीं आपल्या मनगटाच्या शिरा कापून घेतो. ग्रंथालयाच्या पायऱ्यांशीं घुटमळणाऱ्या मुलाची ओढ कोणाच्या रक्ताची, हें आतां ध्यानांत येतें. आणि त्या ओढीचा शेवट एकदां काय झाला होता, हेंहि.

मग ती रात्र. जॉन देवळाच्या जमिनीवर कोसळतो आणि पहांटेपर्यंत तेथेंच पडून राहतो. भोंवतीं गाणें, टाळ्या, आक्रोश. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना हें वाचतांना जरा ओशाळल्यासारखें होतें. वातविकार म्हणून मोकळें व्हावेंसें वाटतें. पण हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाहीं. ह्या उपासनापंथाला मोठी चालना मिळाली ती १९०६ सालीं लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सीमूर ह्या, पूर्वीं गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेल्या, कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांतून. आणि त्याच्या आदल्याच वर्षीं, १९०५ त, पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत मुली अशाच रडत, कोसळत, मोठमोठ्यानें प्रार्थना करीत होत्या. वाळवंटांत टाळ ऐकून देहभान हरपलेला वारकरी तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहात आलों आहोंत.

माझ्या जुन्या मताचा मुख्य आधार एक होता. जमिनीवर पडलेल्या जॉनच्या अंतरांतून एक उपरोधिक आवाज त्याला सारखें बजावीत असतो, ऊठ, येथून बाहेर पड. मी त्या आवाजाला विवेक समजत होतों. ह्या खेपेस तीं पानें सावकाश वाचलीं, आणि माझी चूक माझ्या लक्षांत आली. तो आवाज म्हणतो काय? ह्या घाणेरड्या जमिनीवरून ऊठ, नाहीं तर तूंहि ह्या इतर काळ्यांसारखाच होशील. आणि त्यांच्यासाठीं तो शब्द वापरतो तो गोऱ्यांच्या शिवीचा. म्हणजे ही विवेकाची वाणी नव्हे. सिंहांच्या दारांत ज्या नजरेची मुलाला भीति वाटली, तीच नजर आतां त्याच्या पोटांत शिरून बोलत आहे. तो आवाज मावळतो तेव्हां जॉनची बुद्धि मावळत नाहीं. आपल्याच माणसांची त्याला वाटणारी किळस मावळते. शिकल्यासवरल्याच्या गर्वानें ज्यांनीं आपल्या आळींतील भजनाकडे पाठ फिरविली आहे, त्यांना हा फरक समजावा.

अर्थात् लेखकाचें चरित्र माझ्या जुन्या मताच्या बाजूनें साक्ष देतें. बाल्डविन १९२४ सालीं हार्लेममध्यें जन्मले; सावत्र बाप धर्मोपदेशक; स्वतः चौदाव्या वर्षीं व्यासपीठावर चढले आणि सतराव्या वर्षीं उतरले. १९४८ त त्यांनीं पॅरिस गांठलें, आणि ही कादंबरी पुरी केली ती स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी खेड्यांत. उपदेशक झाल्यानें बापाचा पाश सैल झाला खरा, पण तीच बेडी पुढें आपल्या पायांत पडली, अशा अर्थाची कबुली त्यांनीं ‘द फायर नेक्स्ट टाइम’ ह्या १९६३ च्या पुस्तकांत दिली आहे. परंतु बाल्डविन सतराव्या वर्षीं बाहेर पडले म्हणून जॉन चौदाव्या वर्षीं खोटा ठरत नाहीं.

रविवारीं पहांटे मंडळी घराकडे निघतात. एलायशा, ज्याच्याविषयीं जॉनच्या मनांत नांव न देतां येणारी प्रीति आहे, तो त्याच्या कपाळाचें चुंबन घेऊन निरोप घेतो. दारांत बाप उभा आहे. जॉन त्याच्याकडे पाहून हसतो. बाप हसत नाहीं. माझ्या टिपणाच्या वहींत ह्या जागीं समासांत ‘उपरोध’ असा शब्द लिहिलेला आहे. तो मीं अजून खोडलेला नाहीं. त्याच्यापुढें प्रश्नचिन्ह मात्र घातलें आहे.